कुठल्या गाडीचं बेअरिंग?

शनिवारची दुपार. दुकान बंद व्हायला अर्धा तास उरलाय. मी काउंटरवर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक तेलकट बेअरिंग ठेवतो. पलीकडचा पोरगा त्याच्याकडे बघतही नाही. त्याची बोटं कीबोर्डवर तयार असतात. ‘नंबर?’ इंग्लंडात सुट्या भागांचं दुकान असंच चालतं. गाडीचा नंबर टाकला की कंपनी, मॉडेल, साल, इंजिन सगळं पडद्यावर येतं आणि मागच्या कपाटातून नेमकी डबी निघते. मी नंबर सांगतो. तो क्यू या अक्षरानं सुरू होतो. पडदा कोराच राहतो. मग पोरगा पहिल्यांदा मान वर करतो. ‘गाडी कुठली?’

इथं मी दर वेळी अडखळतो. पुढच्या चाकांचे हब फोर्ड कॉर्टिनाचे. मागचा ॲक्सल एस्कॉर्टचा. इंजिन आणि गिअरबॉक्स सिएराचे. रेडिएटर फोक्सवॅगन पोलोचा. चासी यांतल्या कुणाचीच नाही, आणि वायरिंग माझं. ‘कॉर्टिना म्हण,’ मी सांगतो. कॉर्टिना १९८२ साली बंद झाली. हा पोरगा त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मला असावा. तो आत जाऊन म्हाताऱ्या मालकाला घेऊन येतो. मालक बेअरिंग उचलतो, कडेवरून अंगठा फिरवून तेल पुसतो, चष्मा कपाळावर चढवून बारीक कोरलेले आकडे वाचतो आणि काही न विचारता कपाटाकडे वळतो. बेअरिंगला गाडीशी काही देणंघेणं नसतं. त्याचा नंबर त्याच्या अंगावरच असतो.

हे पुस्तक मुख्यतः त्या अर्ध्या तासाविषयी आहे. घरी गाडी कशी बांधायची यावर इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे. बांधून झाल्यावर, नंबरप्लेट लागल्यावर, पाहुणेरावळे फोटो काढून गेल्यावर त्या गाडीचं पुढची दहा-पंधरा वर्षं काय करायचं, याबद्दल मात्र जो तो आपल्या गॅरेजात एकटाच शिकतो. मीही तसाच शिकलो. बांधायला मला तीन वर्षं लागली. सांभाळणं अजून चालू आहे.

किट कार म्हणजे काय, हे आधी सांगून टाकतो. चासी, पत्रे, फायबरचं नाक आणि मडगार्ड एखाद्या छोट्या कारखान्यातून विकत आणायचे. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, स्टिअरिंग हे एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं. त्या गाडीला इंग्लंडात ‘डोनर’ म्हणतात. फरक इतकाच की रक्तदात्यासारखी बिस्किट-चहा घेऊन ती घरी जात नाही, थेट भंगारात जाते. मग या दोन्हींचं आपल्या गॅरेजात लग्न लावायचं, सरकारी तपासणी पास करायची, आणि गाडी रस्त्यावर काढायची. शोभेची नव्हे. दूध-ब्रेड आणायला नेता येईल अशी.

ही हौस ब्रिटनमध्येच एवढी का फोफावली? कारण अगदी अरसिक आहे: कर. १९४० पासून तिथं नव्या तयार गाडीवर खरेदी कर असे. सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये ‘सेव्हन’ ही दोन माणसांची, दारं नसलेली, हलकीफुलकी गाडी काढली ती या फटीत नेमकी बसवून. पुढं १९६७ च्या ‘द प्रिझनर’ या दूरदर्शन मालिकेत ती झळकली आणि घराघरात पोचली. तिच्याबद्दल एक गोष्ट या मंडळींत हमखास सांगतात. संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर कर लागेल, म्हणून चॅपमननं गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना छापल्या आणि गिऱ्हाइकानं त्या शेवटापासून वाचायच्या. गोष्ट रंगवलेली असेल, पण गाडी सुटी करता करताच ती कळते, एवढं त्यात खरं आहे.

चॅपमनच्याही आधी ऑस्टिन सेव्हन होती. १९२२ ते १९३९ या काळात निघालेली ही मध्यमवर्गीयांची छोटी गाडी महायुद्धानंतर कवडीमोलानं मिळे. वरचा सांगाडा कुजलेला, खालचं यंत्र ठणठणीत. पोरं वरचं फेकून द्यायची आणि आपलं काहीतरी बसवायची. त्यांतलाच एक शाळकरी मुलगा म्हणजे जॉन हेन्स. त्यानं अशी एक गाडी बांधली, बांधताना काय केलं ते लिहून ठेवलं, आणि १९५६ मध्ये त्याची छोटी पुस्तिका काढून विकली. पुढं १९६६ पासून त्याच्या नावाची गाडी-दुरुस्तीची पुस्तकं निघू लागली. त्यांतल्या तेलाचे डाग पडलेल्या प्रती आज जगभर गॅरेजांत सापडतात. मला त्याच्या गाडीपेक्षा त्याच्या लिहून ठेवण्याचं कौतुक जास्त वाटतं. का ते पुढं येईलच.

१ एप्रिल १९७३ ला ब्रिटनमध्ये व्हॅट आला, खरेदी कर गेला आणि संचाचा फायदाही गेला. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीला दिले. हिशेबानं ही हौस तिथंच संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण एव्हाना लोकांच्या हाताला चटक लागली होती. शिवाय त्या काळच्या गाड्यांचे पत्रे दहा-बारा वर्षांत गंजून चाळणी होत आणि इंजिनात मात्र निम्मं आयुष्य शिल्लक असे. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन या शिक्षकानं लिहिलेलं, अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा असं सांगणारं पुस्तक हेन्सच्याच प्रकाशनानं काढलं, आणि एक इंची चौकोनी नळ्या कापून वेल्डिंग करणाऱ्यांची नवी पिढी उभी राहिली. त्या गाडीला ‘लोकॉस्ट’ म्हणतात: लोटसही आणि लो कॉस्टही. २५० पौंडांत माझे ब्रेकसुद्धा झाले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

माझं म्हणाल तर याची सुरुवात इंग्लंडात नाही, कोल्हापुरात झाली. मामांचं शिवाजी उद्यमनगरात एक लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन एवढंच वर्कशॉप होतं. उसाच्या चरख्यांपासून ऑइल इंजिनांपर्यंत काहीही यायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझं काम म्हणजे सुटे झालेले भाग रॉकेलनं धुऊन पोत्यावर ओळीनं मांडणं. मामा हातानं काम करताना फारसं बोलत नसत, पण प्रत्येक इंजिन उघडलं की भिंतीवर खडूनं लिहीत: कुठला वॉशर कुठं, किती शिम, कुठला बोल्ट लांब. एकदा मी शहाणपणा करून ती भिंत ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून काढली. त्या दिवशी मामा मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, ‘आता तूच जोड बाळा.’ मी दोन दिवस बसून होतो.

लेस्टरमध्ये स्वतःचं गॅरेज झालं तेव्हा चासी आणण्याआधी मी दोनशे पानी वही आणली. चासी तयार वेल्डिंग केलेली घेतली. मला वेल्डिंग जमतं, पण ज्यावर माझा आणि बायकोचा जीव तोलायचा तिथं माझ्यापेक्षा बऱ्या हाताचं काम असावं असं मला वाटलं. बाकी सगळं घरी केलं. त्या तीन वर्षांत आमची खरी गाडी पावसात उभी राहिली. ‘ही आत आणि आपली बाहेर, हे किती दिवस?’ हा प्रश्न बायकोनं दर दिवाळीला विचारला, आणि रिव्हेट मारताना पत्रा दुसऱ्या बाजूनं तिनंच धरला.

गाडी बांधली म्हणजे ती रस्त्यावर नेता येते असं नाही, आणि हे बरंच आहे. १९९८ पासून ब्रिटनमध्ये अशा एकेकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी सुरू झाली आणि २००९ पासून तिची जागा आणखी कडक अशा ‘आयव्हीए’ तपासणीनं घेतली. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, स्पीडोमीटर खरं सांगतो की नाही, पट्टे कुठं बांधलेत हे सगळं त्यात येतं. पण अंगावर काटा येतो तो गोळ्याचा. तपासनीस १०० मिमी व्यासाचा एक गोळा गाडीच्या बाहेरच्या अंगावरून फिरवतो. तो गोळा ज्या कडेला टेकेल ती कड किमान २.५ मिमी त्रिज्येनं गोल हवी. एखादा पादचारी धडकला तर कापला जाऊ नये, हे त्यामागचं कारण. हा गोळा मनात ठेवून पाहिलं की आपली लाडकी गाडी म्हणजे निवडुंग वाटू लागते: मडगार्डच्या आधाराचे नट, आरशाची दांडी, बॉनेटच्या खिट्ट्या, दिव्यांच्या कडा. मी आठवडाभर रबरी पट्ट्या आणि प्लास्टिकच्या टोप्या लावत होतो.

पहिल्या खेपेला मी नापास झालो. एक नट टोपीविना राहिला होता, ते क्षुल्लक. दुसरं मोठं होतं. वळणावर स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप सरळीकडे यायला हवं; माझं जिथं सोडावं तिथंच बसून राहायचं. कॉर्टिनाचे पुढचे भाग जड गाडीसाठी बनलेले, आणि माझी गाडी जेमतेम साडेपाचशे किलोची. टायरमध्ये हवा ठासून भरायची, चाकं जराशी बाहेर फाकवायची आणि परीक्षेपुरतं साजरं करायचं, हा उपाय अनेक जण करतात. मी केला नाही. वरच्या विशबोनच्या वॉशरांची जागा बदलून चाकाचा कॅस्टर कोन वाढवला. त्याला दोन रविवार गेले, पण गाडी हमरस्त्यावर आजही सरळ चालते. तपासणी झाल्यावर त्या रबरी पट्ट्या उपटून टाकायचीही एक रीत आहे. मला ती पटत नाही. लेकरू सायकलवरून येऊन धडकलं तर त्याला काय माहीत की आपली तपासणी झाली.

नंबराचं गणित असं: सगळे महत्त्वाचे भाग एकाच डोनरचे असतील तर तिच्या वयाचा नंबर मिळू शकतो, भाग नवे कोरे असल्याची बिलं असतील तर नवा. माझ्यासारखी चार घरची भिक्षा असेल तर क्यू. क्यू म्हणजे हिचं वय सांगता येत नाही. विकताना त्यानं किंमत पडते असं म्हणतात. मला विकायची नाही.

विम्याबद्दल एवढंच सांगतो की नेहमीच्या कंपनीला फोन करून वेळ घालवू नका. अशा गाड्यांचा विमा उतरवून देणारे खास दलाल आहेत, ते वर्षाला किती मैल चालवणार हे विचारतात, किंमत आधी ठरवून घेतात आणि फोटो मागतात. गाडीत बदल केला की त्यांना कळवा. बस्स.

आता सांभाळण्याचं. कंपनीची गाडी हजारो मैल चाचणीत आपटून मग बाजारात येते. घरी बांधलेल्या गाडीची चाचणी म्हणजे तुम्ही. पहिल्या शंभर मैलांनंतर प्रत्येक नटाला पाना लागलाच पाहिजे, आणि पुढं दर वसंतात. ब्रेक-स्टिअरिंगच्या नटांत आतून नायलॉनची कडी असते. ती एकदा वापरली की तिची पकड गेली. असा नट काढला तर परत लावायचा नाही, नवा घ्यायचा. घट्ट केल्यावर नट आणि त्याखालचा पत्रा यांवरून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलं की पाच मिनिटांत पन्नास नट बघून होतात.

सगळ्यांत जास्त रडवतं ते वायरिंग, आणि त्यातही अर्थिंग. नेहमीच्या गाडीत पत्र्याचं अख्खं अंगच परतीची तार असतं; दिवा बॉडीला कसला की काम झालं. आमच्या गाडीचे मडगार्ड फायबरचे, त्यांतून वीज जात नाही. चासी पोलादी, पण तिच्यावर पावडर कोटिंगचा जाड थर, त्यातूनही जात नाही. म्हणजे प्रत्येक दिव्याला स्वतःची परतीची तार हवी आणि ती जिथं चासीला मिळते तिथं रंग खरवडलेला हवा. चौथ्या वर्षी पावसात माझी गाडी भुतासारखी वागायला लागली. उजवा इंडिकेटर दिला की ब्रेकचे दिवे लुकलुकत. वायपर लावला की हेडलाइट मंद. तीन आठवडे मी स्विच, फ्यूज, रिले बदलत होतो. शेवटी कंटाळून वही उघडली. मागच्या वायरिंगच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: ‘अर्थ तात्पुरता कसला आहे. उद्या रंग खरवडणे.’ तो उद्या चार वर्षं आला नव्हता. एक कानस, दहा मिनिटं, थोडं ग्रीस, आणि भूत उतरलं.

पाणी इतर वाटांनीही येतं. हिवाळ्यात ब्रिटनमध्ये रस्त्यांवर मीठ टाकतात. ॲल्युमिनिअमचा पत्रा आणि पोलादी नळी यांच्या मधे खारट पाणी शिरलं की आत एक छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनिअम कुरतडलं जातं. रिव्हेटच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसली की समजायचं. नळ्यांवरचं कोटिंग जिथं तडकलं असेल तिथं गंज आतल्या आत पसरतो आणि वरून सगळं चकचकीत दिसतं. म्हणून मी चमकदार चासीला भुलत नाही, नखानं टोकरून बघतो.

टायरचं उलटंच आहे. एवढ्या हलक्या गाडीत ते झिजतच नाहीत. हवाही अठरा-वीस पौंडच लागते. नेहमीच्या गाडीइतकी भरली तर गाडी खड्ड्याखड्ड्यांवर उडते. मग नक्षी नवीकोरी दिसते आणि माणूस फसतो, कारण रबर आतून म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नंतर बघा, आधी हे आकडे. ब्रेकचं ऑइलही असंच, न वापरता खराब होणारं. ते हवेतला ओलावा पितं, म्हणून गाडी किती का कमी चालेना, दोन वर्षांनी बदला. आणि सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमधल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या वळणाचे रबरी पाइप त्यानं मऊ पडतात, तडकतात. गॅरेजचं दार उघडताना पेट्रोलचा वास आला तर आधी दिव्याचं बटण दाबू नका.

आणि ते बेअरिंग. कॉर्टिनाच्या हबमध्ये निमुळत्या रोलरांची दोन बेअरिंगं असतात, एक आत, एक बाहेर. ती घट्ट आवळायची नसतात. चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळत जायचा, रोलर आपापल्या जागी बसले की नट किंचित मागं घ्यायचा. चाक वर-खाली धरून हलवलं तर खेळ असल्याचा नुसता संशय यावा, खेळ दिसू नये. मग स्प्लिट पिन. आकड्यांत हे लिहिता येतं, पण तो संशय हाताला यायला तीन-चार चाकं जावी लागतात.

मराठीत कशाला लिहिलं, असं मला इथल्याच एका मित्रानं विचारलं. महाराष्ट्रात कोण बांधणार? प्रश्न रास्त आहे. तिकडं प्रत्येक नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता लागते, आणि हौशी माणसाला एका गाडीपुरती मान्यता देणारी ब्रिटनसारखी वाट नाही. नोंदणी झालेल्या गाडीत बदल करायचा तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०२१ च्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिरानं भंगारातून बांधलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. मला तेव्हा आनंदही झाला आणि चुटपूटही लागली. इंग्लंडात त्या माणसाला गोळा फिरवून दाखवला असता, काय काय चुकलं त्याची यादी हातात दिली असती, आणि तो पुढच्या महिन्यात परत आला असता.

तरीही तिकडं हात नाहीत असं थोडंच आहे? अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्याच वळणाची एक रोडस्टर बांधली होती, ॲम्बॅसेडरमध्ये यायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घालून. बाहा आणि सुप्रा या एसएईइंडियाच्या स्पर्धांसाठी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या पोरी-पोरं दर वर्षी होस्टेलच्या मागं चासी वेल्डिंग करत रात्र काढतात. त्यांची गाडी स्पर्धा संपली की कोपऱ्यात पडते, कारण ती सांभाळणं अभ्यासक्रमात नाही. जुनी जीप, जुनी येझदी घरी पाळणारे तर गावोगाव आहेत. पिवळी रेघ आणि खरवडलेला अर्थ त्यांनाही लागू आहे.

पुस्तकातली प्रकरणं मी वहीच्या क्रमानं ठेवली आहेत, गाडीच्या क्रमानं नाहीत. म्हणून ब्रेकनंतर एकदम सीटकव्हर येतं, त्या महिन्यात तसंच घडलं होतं. शेवटची चाळीस पानं कोरी सोडायला मी प्रकाशकांना तयार केलं. त्यांवर रकाने आखले आहेत: तारीख, मैल, काय काढलं, मूळ कुठल्या गाडीचं, अंगावरचा नंबर. पहिली ओळ मी भरून ठेवली आहे. पुढचं डावं चाक, आतलं बेअरिंग, कॉर्टिना. शेवटचा रकाना मात्र रिकामा आहे, कारण लिहिताना ते गाडीत बसवलेलं होतं आणि काढलं तेव्हा माझे हात तेलकट होते.